भरलेलं बीम

स्टेजवर लाल कापडाखाली काहीतरी लांबडं झाकून ठेवलं होतं. मला वाटलं कोनशिला असेल. हॉस्पिटलचा जुन्या पेशंटांचा मेळावा होता आणि नवीन इमारत चालली होती, कशाचंही उद्घाटन करतील.

"ते काय ओ चाचा?" मी शेजारी बसलेल्या मुजावरचाचांना विचारलं.

"तुझ्या बाचं सरप्राईज," चाचा म्हणाले. आणि हसले नाहीत. एरवी हा माणूस हसल्याशिवाय वेळसुद्धा सांगत नाही.

माझे वडील, अण्णा, पहिल्या रांगेत बसले होते. डोक्याला भगवा फेटा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात मागं पट्टा असलेली काळी सँडल. फेट्याचं टोक सारखं मानेला लागत होतं म्हणून ते दर दोन मिनिटांनी खांदा उडवत होते. मी मागं, खुर्चीच्या कडेवर, एका बाजूवर वजन टाकून. दुसरी बाजू टेकली की कमरेतून टाचेपर्यंत करंट जायचा. खरोखरचा करंट. उघड्या वायरला हात लागल्यावर बसतो तसा.

माझी गादी सरकली होती. मणक्यातली. तेव्हा मी एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो. शाळा सोडल्यावर डिझाईन करायला बघून बघून शिकलो होतो, पण दुकानात डिझाईनवाल्यालाच रोल पण उचलायला लावतात. एका सकाळी रोल उचलताना आत कुठंतरी कट् झालं आणि मी तिथंच फरशीवर बसलो.

एमआरआय झाला. येत्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं. डॉ. मंगसुळे. दुर्बिणीतून, एवढंसं भोक, दुसऱ्या दिवशी घरी.

मी भ्यालो होतो. रोज मोबाईलवर वाचत बसायचो. कुणी लिहिलंय नवा जन्म मिळाला, कुणी लिहिलंय चार वर्षांनी परत तिथंच गादी सरकली. वाचून काहीच ठरत नव्हतं. शेवटी मी एकाच गोष्टीवर ठरवलं. आमच्या अण्णांचं हेच ऑपरेशन, याच डॉक्टरांनी, दहा वर्षांपूर्वी केलं होतं.

आणि अण्णा ठणठणीत होते. अख्ख्या इचलकरंजीला माहीत होतं. स्टँडसमोर फ्लेक्स होता त्यांचा.

त्या फ्लेक्सबद्दल सांगतो. अण्णा म्हणजे पारिस मगदूम, मागाच्या कारखान्यात बीम चढवणारे. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागं बसतं ते लोखंडी नळकांडं. दोन टोकांना परातीएवढ्या चकत्या, मधे ताण्याचं सूत गच्च गुंडाळलेलं. सायझिंगवरनं, म्हणजे सुताला खळ लावतात तिथनं, भरलेलं बीम आलं की एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला मुजावरचाचा. 'हं' म्हणून उचलायचं आणि मागावर ठेवायचं. वर्षानुवर्षं. त्यातच अण्णांची कंबर गेली. मी शाळेत होतो. दोन महिने अण्णा जमिनीवर पडून होते, कुशीवर वळायला दोन माणसं लागायची. मग हॉस्पिटलच्या शिबिरात ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी अण्णा चालत घरी आले. गल्लीनं बघितलं. आई डॉक्टरांच्या गाडीच्या पाया पडली. गाडीच्या, कारण डॉक्टर पाया पडून घ्यायचे नाहीत.

अण्णा परत बीम चढवायला जायला लागले आणि दुसऱ्या वर्षी फ्लेक्स लागला. अण्णा, खांद्यावर बीम, हसताहेत. खाली मोठ्या अक्षरात 'ऑपरेशननंतरही'. पुढं वर्षांचा आकडा, तो दरवर्षी बदलायचा.

मागवाले तो फ्लेक्स बघून हसायचे. कारण फोटोतलं बीम रिकामं होतं. नुसतं नळकांडं. त्यावर सुताचा एक धागा नव्हता.

"पारिस," चाचा म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तुझा फ्लेक्स जास्त काम करतोय बघ."

अण्णा पण हसायचे. मी पण. फोटोपुरतं कोण भरलेलं उचलेल. यापलीकडं मी कधी विचार केला नाही.

दुसरी एक गंमत होती आमच्या घरात. अण्णांची डावी चप्पल. ती पायात राहायचीच नाही. चालता चालता मागं पडायची आणि यांना पत्ता नसायचा. गल्लीतली पोरं चप्पल घेऊन मागनं पळायची, "अण्णा, तुमची गाडी पंक्चर." आईनं टाचेला इलॅस्टिक शिवून बघितलं, मग सँडल आणली. चपलेला शिव्या घातल्या, चांभाराला घातल्या.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी अण्णांना नीट समोर बसवून विचारलं होतं.

"अण्णा, खरं सांगा. ऑपरेशननंतर इतक्या वर्षांत काय त्रास?"

"काय न्हाई."

"कायच न्हाई? पाय, कंबर, मुंग्या?"

"आरं काय न्हाई म्हटलं की. डोळं झाकून कर."

"माझ्या पायाचा प्रश्न हाय अण्णा."

"म्हणूनच सांगतोय. कर."

तेवढ्यावर मी गुरुवार पक्का केला होता. हे लक्षात ठेवा.

तर हॉल. डॉक्टर बोलायला उभे राहिले. उंच, सडपातळ, आवाज मऊ. हा माणूस वाईट असता तर मला पुढं सोपं गेलं असतं.

"लोक मला विचारतात," डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीचं ऑपरेशन टिकतं का? आज बरं वाटेल, पण पाच वर्षांनी काय, दहा वर्षांनी काय? म्हणून आम्ही आमच्या प्रत्येक पेशंटला दरवर्षी फोन करतो. शंभरातले पंच्याण्णव जण सांगतात, बरं आहे. आणि या पंच्याण्णवांचे कॅप्टन आहेत आपले पारिसअण्णा."

टाळ्या. अण्णा स्टेजवर गेले. शाल, नारळ. मग डॉक्टरांनी लाल कापड ओढलं.

भरलेलं बीम.

पांढरंशुभ्र, सूत काठोकाठ. कुठल्यातरी कारखानदारानं टेम्पोत घालून पाठवलं होतं, भेट म्हणून. टाळ्या परत सुरू झाल्या, पण सगळ्या हॉलमधून नाही. पुढं डॉक्टर लोक, औषधकंपनीवाले, त्यांनी वाजवल्या. मागं निम्मा हॉल मागवाल्यांचा होता. ती निम्मी बाजू एकमेकांकडं बघायला लागली.

"फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलाय," डॉक्टर हसत म्हणाले. "आज प्रत्यक्ष बघू. अण्णा, फक्त एकदा. फोटोसाठी."

चाचा उठून स्टेजपाशी गेलेच. "सर, मी दुसरी बाजू धरतो की."

"नाही नाही, तुम्ही बसा चाचा. फ्लेक्सवर अण्णा एकटेच आहेत."

लोक हसले. चाचा उभेच राहिले, हात अर्धवट पुढं.

मला वाटलं अण्णा आता सांगतील. एक वाक्य होतं. 'सर, ते रिकामं होतं.' हॉल हसला असता, डॉक्टर हसले असते, चहा झाला असता, विषय संपला असता.

अण्णांनी अंगावरची शाल काढली. घडी घातली. नारळावर ठेवली. बाह्या दुमडल्या. वाकून सँडलचा पट्टा ओढून बघितला. मग बीमच्या मधोमध उभे राहिले आणि पाय फाकवले.

उचलणार होते. खरंच उचलणार होते ते. ऑपरेशन झालेल्या कमरेनं, एकट्यानं, दोन माणसांचं ओझं. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून.

"अण्णा, हात लावायचा न्हाई."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी उभा राहिलो होतो आणि पायातून करंट जात होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

"श्रेणिक, बस खाली," अण्णा म्हणाले. माईक जवळ होता, ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"तुम्ही खाली या."

"बस म्हणतोय न्हवं."

"सर, फोटोतलं बीम रिकामं हाय," मी म्हणालो. "भरलेलं बीम एकटा माणूस उचलत न्हाई. कंबर धडधाकट असली तरी न्हाई. मागं बसलेल्या कुणालापण विचारा."

डॉक्टरांनी मागं बघितलं. मागच्या रांगांतल्या माना हलल्या.

"असं होय," डॉक्टर म्हणाले. चेहरा लाल झाला होता, तरी हसले. "मग माझीच चूक. अण्णा, तुम्ही सांगायचं ना मला. या, बसा."

इथंच संपलं असतं. पण अण्णा स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागले आणि डाव्या पायाचा पंजा पायरीच्या कडेला अडकला. चाचांनी धरलं म्हणून वाचले.

"ही सँडल म्हणजे," अण्णा पुटपुटले.

डॉक्टरांचं हसू गेलं. ते अण्णांच्या चेहऱ्याकडं बघत नव्हते, पायाकडं बघत होते. माईक टेबलावर ठेवला, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना म्हणाले, "तुम्ही कार्यक्रम चालू ठेवा," आणि खाली आले.

"अण्णा, माझ्या खोलीत चला. तू पण चल."

खोलीत त्यांनी दार लावलं. सँडल काढायला लावली. "टाचेवर चालून दाखवा. पंजे वर."

अण्णा दोन पावलं चालले. उजवा पंजा वर. डावा नाही. डावा नुसता फट् फट् फरशीवर पडत होता, ओलं फडकं टाकल्यासारखा. मी तो आवाज घरात कितीतरी वर्षं ऐकला होता. मला वाटायचं चपलेचा आहे.

"कधीपासून?"

"असंल की चार-पाच वर्षं."

"एकदम झालं?"

"कंबर परत भरली होती. सातआठ दिवस पाय लई ठणकला. मग ठणका गेला आणि पाऊल जरा ढिलं पडलं."

"ठणका गेला म्हणून तुम्हाला बरं वाटलं."

"व्हय. बरंच की."

डॉक्टर खुर्चीत बसले. "तिथंच परत गादी सरकली अण्णा. होतं काहींना. ऑपरेशन चांगलं झालं तरी होतं. त्या आठवड्यात आला असता तर शीर मोकळी केली असती. पाऊल बहुतेक वाचलं असतं. आता..." त्यांनी मान हलवली. "आमच्याकडची मुलगी दरवर्षी फोन करत होती ना तुम्हाला? रिसेप्शनची?"

"करत होती. लई गोड पोरगी."

"मग?"

"ती विचारायची, काका, बरं आहे का. मी म्हणायचो, बरं हाय. बरं होतंच की सर. आधी जमिनीवर होतो, आता उभा होतो. एका पावलासाठी बरं न्हाई कसं म्हणायचं?"

"आणि इथं का नाही आलात? घरापासून गाडीनं दहा मिनिटं."

अण्णांनी सँडल हातात घेतली. पट्टा उलटसुलट करत बसले.

"कसा येणार?" ते म्हणाले. "स्टँडवर माझा फोटो. त्याच्या खालनंच यावं लागतंय तुमच्याकडं. लोक बघणार, हा बघा ठणठणीत माणूस, लंगडत चाललाय दवाखान्यात. तुमचं नाव खराब झालं असतं. तुम्ही मला उभं केलंत, आणि मी तुमच्या दारात लंगडत येऊ?"

मी भिंतीवर हात आपटला. डॉक्टर दचकले, अण्णा नाही.

"आणि मला?" मी म्हणालो. "काल संध्याकाळी मी तुमच्यासमोर बसून विचारलं. मला तरी सांगायचं होतंत. मी काय फ्लेक्स बघायला आलो होतो?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऑपरेशनच केलं नसतंस."

"मग न्हाई केलं असतं."

"आणि पडून राहिला असतास. माझ्यासारखा. कूस वळायला दोन माणसं." अण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते मी बघितलेलं न्हाई, भोगलंय. पाऊल गेलं तर गेलं, लेका. उभा राहतोय ना माणूस."

"माझं पाऊल हाय ते. ठरवायचं मी."

"ठरवायला अक्कल लागती."

"अक्कल न्हाई, माहिती लागती. ती तुम्ही दाबून ठेवली."

"बरोबर आहे त्याचं," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले आणि त्या मऊपणानं माझं डोकं आणखी फिरलं.

"तुम्ही बोलू नका सर. फोनवर 'बरं आहे का' विचारून पाय कळतो व्हय? आमच्यात मरणाऱ्या माणसाला विचारलं तरी तो बरं हाय म्हणतो. पंच्याण्णव म्हणे. आज हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला टाचेवर चालवा बघू. आणि मला गुरुवारी झोपवणार होता तुम्ही, त्या पंच्याण्णवावर."

डॉक्टर उठले, मला बाकावर झोपवलं, एकेक पाय सरळ वर उचलला, मग टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं, अंगठा दाबून बघितला. पहिल्या दिवशी पण हे केलं होतं, पण इतक्या वेळ नाही.

"तुझ्या पायात ताकद पूर्ण आहे," ते म्हणाले. "दुखतंय, पण शीर काम करतेय. अशा बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत आपोआप उतरतं. गोळ्या, व्यायाम, वजन उचलणं बंद. थांबलास तर चालेल. ताकद कमी झाली किंवा लघवीला त्रास झाला, तर त्याच दिवशी यायचं. वर्षभरानंतर बघितलं तर ऑपरेशन केलेले आणि थांबलेले, यांच्यात फार फरक राहत नाही. ऑपरेशननं लवकर बरं वाटतं, एवढंच."

"हे मला आधी का सांगितलं न्हाई?"

"तू विचारलं नाहीस. तू आत येऊन बसलास आणि म्हणालास, माझं अण्णांसारखं करा."

"विचारायचं मी? डॉक्टर तुम्ही."

टेबलावरच्या माझ्या फाईलवर त्यांनी गुरुवार खोडला. एवढंच केलं.

बाहेर आलो तेव्हा चाचा बाकड्यावर दोघांचे चहा घेऊन बसले होते, आणि चहा गार झाला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"मी बीमची दुसरी बाजू धरतो पोरा. कुठल्या बाजूला वजन वाढलंय ते कळतंय की." त्यांनी कप अण्णांच्या हातात दिला. "शपथ घातली होती तुझ्या बानं."

"शपथा घाला. सगळे मिळून शपथा घाला," मी म्हणालो आणि पुढं चालायला लागलो. मागनं अण्णांचं पाऊल येत होतं. फट् फट्.

स्टँडसमोर आलो. फ्लेक्स वर होता. मी पायाची, कमरेची कशाची पर्वा न करता कट्ट्यावर चढलो आणि खालच्या बाजूची दोरी ओढली.

"फाडू नकोस," अण्णा खालनं म्हणाले.

"अजून पाहिजे तुम्हाला हा?"

"आरं नीट सोड. न्हाणीघरावर घालायला होतोय. पत्रा गळतोय."

मी वरनं त्यांच्याकडं बघितलं. हातात सँडल, अनवाणी, डोक्यावर अजून फेटा. चाचा दुसऱ्या बाजूची दोरी सोडायला लागले होतेच. मी इतका चिडलो होतो की मला रडू आलं, आणि त्याचा पण राग आला.

ऑपरेशन मी केलं नाही. तीन महिने वाईट गेले, मग उतरलं. जास्त वेळ बसलो की अजून कुरकुर करतं. मंगसुळ्यांनी स्टँडसमोर परत फ्लेक्स लावला नाही, अण्णांचा नाही आणि दुसऱ्या कुणाचा पण नाही. मेळावा पण बंद झाला. अण्णांचं पाऊल आलं नाही. प्लास्टिकची एक पट्टी दिलीय, ती पिंढरीला बांधून बुटात घालतात. बीम आता ट्रॉलीवरनं जातं.

फोन मात्र अजून येतो. पोरगी नवीन आहे. प्रश्न पण नवीन आहेत. गेल्या महिन्यात आला तेव्हा मी घरी होतो. अण्णांनी मोबाईल स्पीकरवर टाकला.

"काका, टाचेवर चालून बघा. मी थांबते."

अण्णा उठले. भिंतीला धरून आमच्या बाहेरच्या सोप्यात टाचेवर चालले. आई पोळपाट सोडून बघत उभी.

"उजवा उचलतोय. डावा न्हाई."

"अजिबात नाही?"

"अजिबात न्हाई."

"रात्री पाय दुखतो का?"

"थंडीत दुखतो."

"कमरेत?"

"वाकलं की."

"बरं. लिहिलं काका."

मला बरं वाटायला लागलं होतं. खरंच. तेवढ्यात अण्णांनी मोबाईल तोंडाजवळ घेतला, माझ्याकडं पाठ केली आणि आवाज बारीक केला.

"पोरी, एक कर. हे डॉक्टरांना सांगू नकोस. वाईट वाटंल त्यांना."

मी त्यांच्या हातातनं मोबाईल हिसकावून घेतला.

"सांगा," मी म्हणालो. "सगळं सांगा."